दोघांनी हुंगायचं

जयवंतने नळीचा नट पिळला, सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूच उघडला आणि खाली वाकून हुंगल्यासारखं केलं. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याने मार्कसचा चेहरा पाहिला.

मार्कस पलीकडून वाकला होता. त्याचा चेहरा शांत होता.

"साफ?" जयवंतने विचारलं.

"साफच ना?" मार्कस म्हणाला.

जयवंतचा जीव भांड्यात पडला. दोघांनी वहीत सह्या केल्या.

मुलुंडच्या त्या औषधांच्या गोदामात गॅसवरची फोर्कलिफ्ट येऊन दोन महिने झाले होते. डिझेलच्या गाडीचा धूर खोक्यांना लागतो म्हणून ही आणलेली. सुपरवायझर चंद्रप्रकाशसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गॅसला मुद्दाम घाण वास घातलेला असतो. सिलिंडर बदलला की दोघांनी हुंगायचं, सही करायची, मगच चावी फिरवायची."

आणि जयवंतला तर वासच येत नव्हता. भांडुपच्या रंगकारखान्यात आठ वर्षं फवारा मारून नाकाची पार वाट लागली होती. परवा चुलीजवळ पेपर वाचत बसला आणि शेजारी डाळ करपून कोळसा झाली. बायको नलिनी धावत आली.

"अहो, नाक आहे की नुसतं शोभेला लावलंय?"

तो हसला खरा, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. साहेबांना सांगावं, तर गाडी हातची जाणार आणि पुन्हा पाठीवर खोकी येणार. ती पाठ कधीच कामातून गेली होती. म्हणून तो मार्कसच्या नाकावर दिवस काढत होता, आणि रोज सकाळी भीतीने अर्धा होत होता.

तो गाडीवर चढला. बाहेर शटरपाशी वेल्डरच्या ठिणग्या उडत होत्या. चावीला हात लागतो न लागतो तोच दहा हातांवरून हमाल धाकू ओरडला.

"जयवंता, थांब रे! गॅसचो वास येता!"

उडी मारून जयवंतने व्हॉल्व्ह बंद केला. मार्कस शटरकडे धावला, वेल्डिंग थांबवून आला. धाकूने नाकाला पंचा लावला होता. सगळी माणसं खोकत बाहेर पडली. तिथे फक्त ते दोघंच उभे होते, न खोकता.

जयवंतने मार्कसकडे पाहिलं. भांडुपला मार्कस शेजारच्याच फवाऱ्यावर होता, हे त्याच्या डोक्यात आत्ता शिरलं.

चंद्रप्रकाशसाहेब तोंडावर रुमाल धरून आत आले.

"सह्या कुणाच्या आहेत?"

मार्कस मान खाली घालून उभा होता. जयवंतने शटरकडे पाहिलं. सहा माणसं अजून बाहेर खोकत होती.

"माझी आहे साहेब. मला वास येत नाही. मार्कसने 'साफ' म्हटलं की मी सही करतो."

साहेब मार्कसकडे वळले.

"आणि तू रे? तुला नाही आला वास?"

मार्कसने जयवंतकडे पाहिलं.

"मी याच्या तोंडाकडे बघून सही करतो, साहेब. पहिल्या दिवसापासून."