खिडकी नंबर तीनचे पाच तारे

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. पण वजनमापं खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर माणसाचं खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरतं, तसं त्यांचंही उरलं होतं. ते बाजाराच्या तोंडाशी आले की 'काटेसाहेब आले' हे दोन शब्द त्यांच्या आधी शेवटच्या दुकानापर्यंत पोचायचे, आणि साहेब पोचेपर्यंत सगळ्या बाजाराला सचोटीचा झटका आलेला असायचा. त्यांच्या हातात मखमलीचं अस्तर लावलेली लाकडी पेटी असे आणि पेटीत खात्याची प्रमाणित वजनं. पद्धत ठरलेली. मालाकडे बघायचं नाही, दुकानदाराच्या तोंडाकडे तर मुळीच नाही. आधी काटा तपासायचा.

निवृत्तीच्या दिवशी पेटी खात्यात जमा झाली. सवय जमा करून घ्यायचा फॉर्म खात्याकडे नव्हता.

पुढे दीड वर्षात बायको गेली. तेव्हापासून तीन खोल्यांच्या घरात काटेसाहेब ज्या खोलीत बसत ती पुरेशी असे आणि उरलेल्या दोन फार मोठ्या वाटत. एकुलती एक मुलगी विमानाने सहा तासांवर. तिचा रविवारी सकाळी फोन यायचा. व्हिडिओवर मागून जावई येऊन हात हलवून जायचा. जावई चांगला होता, पण बापलेकीच्या नात्यात त्याचं योगदान त्या हाताएवढंच होतं.

अशाच एका रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी क्रूझ बघितलीय. सात दिवस. वाढदिवसाची भेट समजा."

"जहाजावर मी काय करू?"

"लोक असतात हो तिथे. दोन हजार माणसं असतात. तुम्हाला जरा सोबत मिळेल."

"दोन हजारांची सोबत कशाला गं, मला..." काटेसाहेब थांबले आणि म्हणाले, "असं एकदम कसं ठरवायचं?"

"एकदम नकोच. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत केबिन धरून ठेवलीय. तोपर्यंत गेलेल्या लोकांचे रिव्ह्यू वाचा, आणि हो की नाही ते सांगा. तुम्हाला तपासायला आवडतंच की."

आता गोष्ट अशी होती की 'नाही' म्हटलं तर पोरगी हिरमुसली असती आणि मग तुम्हाला हवंय तरी काय, असं विचारलं असतं. हवं काय ते काटेसाहेबांना ठाऊक होतं. सांगायची प्राज्ञा नव्हती. आणि 'हो' म्हटलं तर सात दिवस, दिवसातून तीन वेळा, एकट्याने ताट घेऊन दोन हजार लोकांच्या मधून चालायचं. घरातला एकटेपणा निदान खासगी होता. तिथे तो झुंबराखाली मांडला गेला असता.

म्हणून ते रिव्ह्यू वाचायला बसले. चौदाशे बारा होते.

एकाने एक तारा दिला होता, कारण समुद्र फार होता. एका बाईंनी दोन दिले होते. सूर्यास्त माहितीपत्रकात दाखवल्याप्रमाणे झाला नाही अशी त्यांची लेखी तक्रार होती आणि कंपनीने त्याबद्दल लेखी दिलगिरी व्यक्त केली होती. एका गृहस्थाने पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं, 'अजून गेलो नाही, पण फार उत्सुक आहोत.' एकाच जेवणाला कुणी स्वर्गीय म्हणत होतं, कुणी जनावरांचं. 'आम्हाला आवडलं', 'आम्ही फसलो', 'आम्ही पुन्हा जाणार'. काटेसाहेबांनी वहीत रकाने पाडले, पंधरा दिवस घातले, आणि त्यांच्या लक्षात आलं की चौदाशे बारांपैकी 'मी' लिहिणारा एकच आहे. त्याने नाव लावलं होतं 'खिडकी नंबर तीन'. तारे पाच. मजकूर एका ओळीचा: 'मी एकटा गेलो. एकट्या माणसाने जावं. सात दिवस कसे गेले कळलं नाही.'

ही एक ओळ काटेसाहेबांनी पुन्हापुन्हा वाचली. हा माणूस खरं बोलत असेल तर प्रश्नच मिटला. पण खरं बोलतोय कशावरून?

जहाज समुद्रात होतं, ते तपासणं शक्य नव्हतं. पण रिव्ह्यू लिहिणारा माणूस म्हणजे तरी काय, काटाच. मग जुन्या पद्धतीने आधी काटा तपासावा. त्यांनी 'खिडकी नंबर तीन'चे बाकीचे रिव्ह्यू उघडले आणि खुर्चीत सरळ झाले. माणूस याच गावातला होता. न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत त्याने सगळ्यांना तारे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी काटेसाहेब केस कापायला निघाले. आठवड्यापूर्वीच कापले होते, पण सरकारी कामात असल्या गोष्टी बघायच्या नसतात. न्हाव्याबद्दल लिहिलं होतं, 'हात हलका. दुसरी खुर्ची हळूहळू खाली जाते, तीवर बसू नये. चार तारे.' काटेसाहेब हट्टाने दुसऱ्या खुर्चीवर बसले.

"साहेब, पहिलीवर या ना."

"का, हिच्यात काय बिघडलंय?"

"काही नाही, जरा नरम आहे."

हजामत संपेपर्यंत काटेसाहेबांना आरशात फक्त स्वतःचं कपाळ दिसत होतं. हात मात्र खरोखर हलका. त्यांच्या हिशेबात हे तीन ताऱ्यांचं काम होतं.

मग त्यांनी धडधाकट बुटाची टाच स्वतःच उचकटली आणि तो चांभाराकडे नेला. 'टाच भक्कम, बोलणं तुटक. चार तारे.' टाच भक्कम बसली. "किती दिवस टिकेल?" या प्रश्नाला "चालाल तेवढे" हे उत्तर मिळालं. तीन. वाचनालय: 'शांत जागा. शांततेत एकजण घोरतो. पाच तारे.' काटेसाहेब तिथे दोन तास बसले. घोरणारा वेळेवर आला, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन कामाला लागला. चार.

एक, एक, एक. माणूस सगळीकडे बरोबर एक तारा जास्त देत होता. काटेसाहेबांना आनंदाने हसूच आलं. काटा चुकीचा असला तरी चालतो, चूक तेवढ्याला तेवढी राहायला हवी. मग वजा करून खरं वजन निघतं. म्हणजे जहाज चार ताऱ्यांचं. चार काही वाईट नाहीत. हा शोध बायकोला सांगायला म्हणून ते उठून स्वयंपाकघरापर्यंत गेले. तिथे उभे राहिले आणि एक भांडं पाणी पिऊन परत आले. तहान नव्हती.

मुदतीआधीचा शेवटचा मंगळवार उगवला. पक्क्या अहवालाला एक नमुना कमी पडत होता. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाबद्दल लिहिलं होतं, 'मंगळवारी दुपारी गर्दी नसते. भिंतीकडचं टेबल डुगडुगतं, पायाखाली कागदाची घडी लावावी. चार तारे.' काटेसाहेब जाऊन त्याच टेबलाशी बसले. टेबल डुगडुगलं. ते समाधानाने वही काढणार, तोच एक किरकोळ शरीराचा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा येऊन शेजारी उभा राहिला. त्याच्या हातात कागदाची चौकोनी घडी होती.

"जरा पाय घ्या," म्हातारा म्हणाला. वाकून त्याने घडी टेबलाच्या पायाखाली सारली, टेबल हलवून बघितलं आणि समोरच्या खुर्चीवर बसला. जणू काटेसाहेब हे दुकानाचंच सामान.

"तुम्ही खिडकी नंबर तीन का?" काटेसाहेबांनी विचारलं.

म्हाताऱ्याने दरवाजाकडे नजर टाकली. "कुणी पाठवलं तुम्हाला? दातवाल्याने?"

"नाही, नाही. मला जहाजाबद्दल विचारायचं होतं."

"विचारायचंच असणार," म्हातारा म्हणाला आणि त्याने असा सुस्कारा टाकला की काटेसाहेबांनी खिशातून काढलेली सत्तावीस प्रश्नांची यादी परत आत ठेवली. "बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत होतो मी. तीन नंबर. एकतीस वर्षं. काचेला हे एवढं भोक. त्यातून सबंध गावाने मला विचारून घेतलंय. गाडी कधी, गाडी का नाही, संडास कुठे, माझा नवरा दिसला का. घरी गेलो की बायको विचारायची, आज काय झालं. ती बिचारी गेली आता. तुम्ही विचारा, मला सवय आहे."

काटेसाहेबांनी यादीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न निवडला. "तुम्ही सगळ्यांना एक तारा जास्त देता, ते का?"

म्हाताऱ्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमच्या लक्षात आलं? गावात राहायचंय साहेब. उद्या पुन्हा तोंड दाखवायचं असतं. न्हाव्याच्या हातात तर वस्तरा असतो."

"म्हणजे जहाज चार तारे."

"छे. जहाजाला मी पुन्हा कुठे तोंड दाखवणार? त्याला चोख दिले. पाच म्हणजे पाचच."

काटेसाहेबांच्या वहीतलं सगळं गणित एका वाक्यात आडवं झालं, पण ते पुढे सरसावले. पाच तर पाच, चांगलंच झालं. "असं काय होतं तिथे?"

म्हातारा खुर्चीत मागे रेलला. चेहऱ्यावर ऊन पडावं तसं काहीतरी पडलं. "सात दिवस एका माणसाने मला एक प्रश्न विचारला नाही. चहाचं मशीन. कॉफीचं मशीन. केबिनचं दार कार्डाने उघडायचं. जेवायला एकट्यासाठी वेगळं टेबल, भिंतीकडे तोंड करून. दोन हजार माणसं होती, पण प्रत्येकजण आपापल्या माणसांत. पाचव्या दिवशी मी मुद्दाम बोलून बघितलं, आवाज बसलाय का म्हणून."

"आणि?"

"थोडा बसला होता." म्हातारा खुशीत कॉफी प्याला. "तुम्ही जाच."

काटा चोख होता. मासाभर वजनही इकडेतिकडे नव्हतं. फक्त त्यांना जे हवं होतं ते या काट्यावर कधी तोललंच गेलं नव्हतं.

ते वाट बघत बसले. आता हा विचारेल, तुम्ही एकटेच जाणार का. घरी कोण असतं. बायको कधी गेली. जेवणाचं काय करता. काटेसाहेबांची उत्तरं तयार होती, काही तर दोन वर्षांपासून तयार होती. म्हाताऱ्याने कॉफी संपवली, मिशा पुसल्या, वाकून कागदाची घडी काढून खिशात घातली आणि "बरं आहे" म्हणून निघून गेला. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं.

रविवारी सकाळी फोन आला.

"ठरलं का बाबा? आज दुपारपर्यंत कळवायचंय."

"मला नाही जायचं."

"रिव्ह्यू वाईट आहेत का?"

"चांगले आहेत. ज्याच्यावर विसंबावं असा एक सापडला. तो म्हणतो, जाच."

"मग?"

"मग काही नाही. तो म्हणतो ते खरं आहे, म्हणून नाही जायचं."

मुलीने कपाळावरून हात फिरवला. "बाबा, मला कळत नाहीये. मग हवंय तरी काय तुम्हाला?"

काटेसाहेब मंगळवारपासून या प्रश्नाची वाट बघत होते, तरी तो आल्यावर त्यांनी आधी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू ये."

पडद्यावर मागून जावई आला, हात वर करणार होता, तो तसाच परत गेला.

"मी मागच्या वर्षी येत होते ना," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, उगाच धावपळ करू नकोस, मी मजेत आहे. दर रविवारी विचारते, दर रविवारी मजेत म्हणता. मी धरून चालले की मजेत आहात."

"मी एक तारा जास्त देत होतो."

"काय?"

"काही नाही. मजेत नाहीये मी. संध्याकाळी सहा ते नऊ फार लांब असतात."

फोन तुटला की काय म्हणून काटेसाहेबांनी पडदा जरा जवळ धरला. तिचं नाक लाल झालं होतं.

"सात दिवस नाही जमायचे," ती म्हणाली. "वर्षअखेरीचं काम आहे ऑफिसात. पुढच्या शनिवारी येते, सोमवारी निघावं लागेल."

"दोन रात्री."

"दोनच, बाबा."

"चालतील की. दोन चालतील."

फोन ठेवल्यावर काटेसाहेब तिच्या जुन्या खोलीत गेले. पलंगावर इस्त्रीचे कपडे, रिकामी खोकी आणि बायकोचं शिलाई मशीन होतं. ते सगळं त्यांनी एकेक करून बाहेर काढलं, चादर झटकली आणि पाय लांब करून आडवे झाले. गादी मधोमध खचलेली. पंखा तिसऱ्या फेरीला कुरकुरतो. खिडकी शेवटपर्यंत लागत नाही, फटीतून थेट उशीवर वारा येतो. काटेसाहेबांनी प्रामाणिकपणे दीड तारा दिला. मग पडल्या पडल्याच सुताराला फोन लावला.

"खिडकी बसवायचीय. शुक्रवारच्या आत."

"एवढी घाई, साहेब? कोण येणार आहे?" सुताराने विचारलं.

काटेसाहेब उठून बसले आणि सांगायला लागले.