नंबरावरचा शेंदूर

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट सरकारी तपासणीत पास झाली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आम्हीही तसंच समजतो.

झालं असं की दसऱ्याला सहाव्या मजल्यावरच्या तुळशीमावशींनी लिफ्टची पूजा केली आणि नोंदणी क्रमांकाच्या पट्टीवर भक्तिभावाने शेंदूर थापला. तपासणीच्या साहेबांना त्यातला इंग्रजी आठ तीनसारखा दिसला. दाखला निघाला विठ्ठलवाडीतल्या कुठल्यातरी लिफ्टचा. दाखल्याशिवाय चालवता येत नाही, म्हणून आमची बंद.

"साहेब, तपासलीत ती हीच ना?" सेक्रेटरी हेमंतने विचारलं.

"हीच. पण कागदावर पास झाली ती विठ्ठलवाडीची."

मावशींची बहीण बाळी समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते, आजारी आहे. मावशींचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. खुर्चीत बसवून नेतो म्हटलं, तर म्हणाल्या, "चौघांनी उचलायची वेळ अजून नाय आली रे." रोज गॅलरीतून ओरडतात, "बाळे, जेवलीस का गं?" परवापासून खिडकीतून उत्तर फक्त हाताने येतं.

काल मावशींनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला: "क्रमांक दुरुस्त होईपर्यंत जमीन तात्पुरती सहाव्या मजल्यापर्यंत वर आणून मिळावी, ही नम्र विनंती."