मंजुळाबाईंची राहिलेली दोन मिनिटे

मी गंगापूरच्या एका लहान वाचनालयातली जुनी पितळी घंटा आहे. माझी मूठ लाकडाची, काठाला एक पोचा, आणि आत लोंबणारा लोलक थोडा वाकडा. मित्रांनो, मला बोलायची सवय नाही. इतरांचे बोलणे थांबवण्यातच माझे आयुष्य गेले. म्हणून ही हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, अशी शंका वाटते. जमेल तशी सांगते. कंटाळलात तर मला वाजवा.

पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी औरंगाबादच्या एका ओताऱ्याने मला घडवले. पितळ लोकांनी दिले होते. कुणी फुटका तांब्या दिला, कुणी समईची मोडकी बैठक, मशिदीशेजारच्या अत्तारचाचांनी हुक्क्याचा बुडखा. हे सगळे तात्यासाहेबांनी गोळा केले. निजामाच्या राज्यात परवानगी न घेता बाजारात भाषण केले म्हणून ते तुरुंगात जाऊन आले होते. वाचनालय त्यांनीच काढले आणि दरवर्षी वादविवादाची सभा सुरू केली. पहिल्या सभेत त्यांनी मला उंच धरले आणि म्हणाले, "ही घंटा कुणाला गप्प करायला आणलेली नाही. सगळ्यांना सारखी सहा मिनिटं मिळावीत म्हणून आहे. त्या सहा मिनिटांत बोलणारा काहीही बोलो, आपण ऐकायचं."

पाच मिनिटांनी एकदा वाजायचे, सहा मिनिटांनी दोनदा. दुसऱ्या वेळी वाजले की बोलणारा बसायचा, मग तो वकील असो की पहिलवान. हुंडा, धरणाचे पाणी, साखर कारखाना, सगळ्या विषयांवर मी वाजले. लोक मला मान देत. जिंकलेला माणूस फोटोत मला हातात धरून उभा राहायचा.

तात्यासाहेब गेले आणि मी फकिराच्या हाती आले. फकिरा वाचनालय सांभाळायचा. कपाटातली सगळी पुस्तके त्याने वाचलेली होती, पण चार माणसांपुढे त्याचा आवाज फुटत नसे. सभेत तो अध्यक्षांच्या टेबलाच्या कोपऱ्याशी घड्याळ आणि मला घेऊन बसायचा. आमचे बरे जमले.

आता ज्यासाठी हे सांगायला घेतले, ते सांगते.

१९८७ साली आपले सैन्य श्रीलंकेत गेले. तिथे यादवी चालली होती. तिथल्या सरकारशी करार झाला आणि शांतता राखायला आपली शांतिसेना गेली. शांतता राखता राखता तिथल्या तमिळ बंडखोरांशी लढाईच जुंपली. दोन वर्षांनी तिथलेच सरकार म्हणू लागले, आता परत जा. आपल्याकडे दोन तट पडले. त्या वर्षीच्या सभेचा विषय ठरला, 'शांतिसेना परत बोलवावी'.

गंगापूरची दोन मुले या सैन्यात एकाच दिवशी भरती झाली होती. एक मेंढपाळाचा केरबा. दुसरा त्याचा मित्र रामकिसन. पहिल्याच हिवाळ्यात रामकिसन जाफन्याजवळ मारला गेला. केरबा अजून तिथेच होता. रामकिसनचा धाकटा भाऊ बद्रीनाथ शाळेत शिक्षक होता. सभेत तो पहिला बोलला.

"काम अर्धं टाकून परत यायचं, तर माझा भाऊ कशासाठी मेला? परत या म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी यावं आणि माझ्या आईला ते सांगावं."

टाळ्या पडल्या. मला त्याचे पटले होते, हे कबूल करते.

मग नाव पुकारले मंजुळाबाईंचे. या केरबाच्या आई. फकिरा त्यांना केरबाची पत्रे वाचून दाखवायचा, आणि बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांनीच त्याच्याकडून आपले नाव घालून घेतले होते.

"मावशी, मेंढ्या कुणाच्या गळ्यात घातल्या?" मागून कुणीतरी म्हणाले.

"हायेत झाडाखाली. तुमच्यापेक्षा शांत बसल्यात," त्या म्हणाल्या. सभा हसली.

"मी वाचलेली बाई नाय. मला कळतंय ते सांगते. उन्हाळ्यात शेतकरी आम्हाला बोलावतो, माझ्या रानात मेंढ्या बसवा म्हणून. रानाला खत होतं, आम्हाला दाणे मिळत्यात. पण रान त्याचं. एक दिवस तो म्हणतो, आता उठवा. आम्ही उठतो. त्यात आमचं नाक कापलं जात नाय. उठा म्हणल्यावर बी बसून ऱ्हायलं, तर मग आम्ही पाहुणे कसले? केरबानं लिवलंय, आम्ही गावात शिरलो की लोकं दारं लावून घेत्यात. पाणी मागायची लाज वाटती. माझं पोरगं भ्यालेलं नाय. राखणीला गेलं व्हतं, ते आता कुणाला नकोसं झालंय."

"बाई, हा देशाचा प्रश्न आहे, मेंढ्यांचा नाही," एक जण उठून म्हणाला.

"पोरासाठी देशाची लाज घालवू नका," दुसरा म्हणाला.

"देश माझा बी हाय. नायतर पोरगं दिलं असतं का?" मंजुळाबाई म्हणाल्या. मग त्या बद्रीनाथकडे वळल्या. "बद्रीनाथ, तुझ्या रामकिसनचं रगत..."

रामकिसनचे नाव निघताच बाके सरकली. खाली बसा, खाली बसा असा गलका झाला. अध्यक्ष कारभारीअण्णा फकिराकडे झुकले.

"फकिरा, वाजव."

"अण्णा, चारच मिनिटं झालीत."

"सभा मोडायची आहे का? वाजव म्हणतो ना."

फकिराचा हात हलला आणि मी वाजले. दोनदा.

मंजुळाबाईंनी माझ्याकडे पाहिले. "नियम हाय, तर बसते," म्हणाल्या आणि बसल्या. बद्रीनाथ तोवर सभेतून निघून गेला होता. फकिराने रजिस्टरात मंजुळाबाईंच्या नावापुढे लिहिले, वेळ सहा मिनिटे.

चूक हाताची होती की माझी? मी पुष्कळ विचार केला आहे. हलवल्यावर न वाजणे मला शक्य नव्हते. तरी आवाज माझाच होता.

आठ दिवसांनी मंजुळाबाई पत्र घेऊन आल्या. वाचून झाल्यावर उठता उठता म्हणाल्या, "फकिरा, घंटा आधीच वाजली न्हवं?"

"व्हय आक्का. दोन मिनिटं आधी."

"मला घड्याळ कळत नाय. माझं बोलणं अर्धं ऱ्हायलं, एवढं कळलं."

"बद्रीनाथच्या घरी जाऊन बोला ना."

"गेले व्हते. त्यानं बी दार लावून घेतलं. त्याला वाटतंय मी त्याच्या भावाला वंगाळ बोलणार व्हते. सगळ्यांपुढं तुटलं, ते सगळ्यांपुढंच जोडावं लागंल."

त्या दिवशी फकिराने मला एका फडक्यात गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले. आठ महिने मी तिथे होते. पितळ काळे पडले. लोलकाच्या दोरीला वाळवी लागली.

पुढच्या मार्चमध्ये शांतिसेना परत आली. केरबा सुटीवर आला तो एसटीने, एक ट्रंक घेऊन. कुणी हार घातले नाहीत, कुणी काही विचारलेही नाही. एप्रिलमध्ये वाचनालयाचा वर्धापनदिन होता. त्या सकाळी फकिराने मला बाहेर काढले, चिंच लावून घासले आणि नवी दोरी बांधली.

सभेला बद्रीनाथ होता. मंजुळाबाई होत्या. केरबा मागच्या भिंतीला टेकून उभा होता. कारभारीअण्णा बोलायला उठणार, तेवढ्यात फकिरा उभा राहिला आणि त्याने मला एकदा वाजवले. सगळे गप्प झाले. फकिराच्या हाताला इतका घाम आला होता की मी निसटते की काय असे मला वाटले.

"गेल्या वर्षी मी चार मिनिटांवर घंटा वाजवली," तो म्हणाला. "रजिस्टरात सहा लिहिली. ते खोटं आहे. मंजुळाआक्कांची दोन मिनिटं बाकी आहेत."

"आता कशाला, फकिरा?" अण्णा म्हणाले. "सैन्य तर आलं परत."

"आक्काचं बोलणं अर्धंच आहे, अण्णा."

अण्णा सभेकडे वळून म्हणाले, "वाजव असं मीच म्हणालो होतो. बोला मंजुळाबाई."

त्या उठल्या. "बद्रीनाथ, तुझ्या रामकिसनचं रगत वाया गेलं, असं मी म्हणणार नव्हते. माझा दीर सांडू, देवगाव रंगारीकडं एका रानात साप चावून गेला. दुसऱ्या दिवशी रानवाला म्हणला, मेंढ्या उठवा, पेरणी आली. मला वाटलं, सांडूला टाकून कसं जायचं? सासू म्हणली, पोरी, तो रानात नाय ऱ्हायला. आपल्याबरोबर निघाला. तसा तुझा भाऊ बी तिथं नाय बाबा. त्याच्यापायी दुसऱ्या पोरांनी तिथं बसून ऱ्हावं, असं त्याला वाटलं नसतं. भरतीला जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या चुलीपाशी जेवला. केरबासंगं त्याचं नाव मी रोज घेते."

बद्रीनाथ उठला. "मावशी, मला अजून पटत नाही. काम अर्धं टाकायला नको होतं."

"नको पटू दे."

तो बसला नाही. घड्याळात दोन मिनिटे पुरी व्हायला आली होती. "त्या दिवशी तो काय जेवला?" त्याने विचारले.

"बाजरीची भाकर अन् हुलग्याचं माडगं. मीठ कमी हाय म्हणला."

"घरी पण त्याला सगळ्यात मीठ कमीच वाटायचं," बद्रीनाथ म्हणाला. मागे भिंतीशी केरबा हसला आणि त्याने डोळ्यांवरून हात फिरवला.

दोन मिनिटे संपली. फकिराने घड्याळ पाहिले आणि लोलक आपटू नये अशा बेताने मला टेबलावर आडवे ठेवले. माझ्या सगळ्या आयुष्यात, न वाजून, मी खुशीने नियम मोडला तो तेवढाच.

मित्रांनो, आता मी काचेच्या कपाटात असते. सभेत वेळ मोबाइल सांगतो. देशावर कुणाचे प्रेम जास्त, हे मला कधीच ठरवता आले नाही. मी नुसते पितळ आहे. माझी एवढीच विनंती आहे. कधी मला घासलेत तर बरे वाटेल, नाही घासलेत तरी चालेल. पण तुम्हाला न पटणारे कुणी बोलायला उठले, तर त्याची सहा मिनिटे पुरी होईपर्यंत मला हात लावू नका.