मिलेवाच्या अंगणातली तिवई

मी एक जुनी लाकडी तिवई आहे, मित्रांनो. माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवतात आणि मी तो हलू देत नाही, एवढंच माझं काम.

सर्बियाच्या उत्तरेकडच्या सपाट मुलखात, एका छोट्या गावातल्या सुताराने मला घडवलं. तिथल्या फोटोवाल्याने मला आणलं, आणि त्याच्यानंतर त्याची मुलगी देसांका मला घेऊन हिंडू लागली. गावातली दोन पिढ्यांची लग्नं माझ्यासमोर लागली. "तिवई दणकट आहे हं," असं लोक म्हणायचे तेव्हा मला बरं वाटायचं. पुढे हलके कॅमेरे आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. कांद्याच्या माळांखाली, कोळ्यांच्या जाळ्यांत मी कित्येक वर्षं पडून होते.

मग म्हातारपणी देसांकाचे हात थरथरू लागले. लग्नांची कामं सुटली. एका हिवाळ्यात ती माळ्यावर चढली, मला खाली आणून तेल चोळलं आणि म्हणाली, "चल, आता घुबडं बघू."

आमच्याकडे थंडीत लांब कानांची घुबडं शेतांतून गावात येतात आणि दिवसभर पाइनच्या झाडांवर झोपतात. सगळ्यात जास्त घुबडं शेजारच्या मिलेवाच्या अंगणात असत. देसांका मला तिथे बर्फात रोवायची आणि तासन् तास बघत बसायची. घाई नाही, आवाज नाही. एखाद्या घुबडाने डोळा किलकिला केला तरी तिचा दिवस सार्थकी लागायचा.

मिलेवाला मात्र ती घुबडं डोळ्यांसमोर नको असत. "धुतलेल्या चादरींवर घाण करतात मेली," ती म्हणायची. "आणि माझा योव्हान गेला तेव्हा हीच वर बसली होती."

"तुझा नवरा सिगारेटींनी गेला गं," देसांका म्हणायची.

"तू फोटो काढ. मला शिकवू नकोस."

नाताळ उलटल्यावर एका दुपारी मिलेवाने अंगणातलं पाइनचं झाड तोडायला भावाला बोलावलं. नेनाद यंत्राची करवत घेऊन आला. देसांका म्हणाली, "वसंतापर्यंत थांब ना. तेव्हा ती आपणहून जातात." मिलेवा ऐकेना. देसांकाने कॅमेरा माझ्यावरून काढून घेतला.

करवत गरजली. सगळी घुबडं एकदम उडाली आणि भर उजेडात कावळ्यांनी त्यांना गाठलं. एका घुबडामागे तर आठ-दहा कावळे लागले. ते गिरक्या घेत, धडपडत खाली आलं आणि थेट माझ्या डोक्यावर बसलं.

त्याचं वजन एखाद्या संत्र्याएवढं. नख्या मात्र माझ्या लाकडात रुतल्या. त्याचं सगळं अंग धडधडत होतं. मी फक्त घट्ट उभी राहिले. नेनादने आपणहून करवत बंद केली. माणसं इतकी जवळ पाहून कावळे वरून घिरट्या घालत राहिले आणि हळूहळू पांगले.

देसांकाने कॅमेरा उचलला, पण हात ऐकेनात. आधाराच्या जागी तर घुबड बसलेलं.

"मिलेवा, तू धर," ती कुजबुजली.

"मला कुठे येतं?"

"त्याच्याकडे बघ आणि बटण दाब. बास."

मिलेवाने श्वास रोखून कॅमेरा डोळ्याला लावला. घुबडाने मान वळवली आणि नारिंगी डोळ्यांनी, कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे पाहिलं. बटण दाबून तिने कॅमेरा खाली घेतला.

"दुपारचं झोपेतून उठवलं की अगदी असाच बघायचा गं," ती हळूच म्हणाली. "योव्हान."

देसांकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. घुबड उडून पुन्हा झाडावर गेलं.

"मग कापू की नको?" नेनादने विचारलं.

"ती करवत गाडीत टाक आणि आत खायला ये. चीजची गिबानित्सा गार होतेय."

दुसऱ्या दिवशी मिलेवाने कपड्यांची तार घरामागे बांधली. फोटो तिरका आला, घुबडाचा एक कान कापला गेला, तरी तो तिच्या स्वयंपाकघरात लावलाय. आता मी तिच्याच अंगणात असते. दुपारी दोघी माझ्यामागे खुर्च्या टाकून बसतात आणि दबक्या आवाजात भांडतात.

मित्रांनो, तुमच्या झाडावर कुणी दमून झोपलं असेल, तर त्याने डोळे उघडावेत म्हणून दगड मारू नका, खोड हलवू नका. शांत उभे राहा. मी जन्मभर तेवढंच केलं, आणि एकदा एक घुबड स्वतःहून माझ्याकडे आलं.