फितीत विभूती नव्हती

१९४१ च्या चैत्रात आरोग्यखात्याची सिनेमाची पेटी बैलगाडीतून मन्नाएखेळ्ळीला आली. खेळ फक्त बायकांसाठी होता आणि भर दुपारी. रिकाम्या गोदामाच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगून अंधार केला होता. बिदरचा अंकुशराव दांडा फिरवून यंत्र चालवी आणि मुक्या चित्रांमधल्या उर्दू पाट्या मराठीत सांगे.

सर्वांत पुढे निलम्मा बसली होती. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मले होते. पण तिच्याच लेकीची, चंद्रम्माची, दोन्ही बाळे आठव्या दिवशी गेली होती. आधी तोंड मिटायचे, दूध सुटायचे, मग अंग ताठ व्हायचे. चंद्रम्माला आता नववा महिना होता.

पडद्यावर नर्सबाई आली. तिने साबणाने हात धुतले, ब्लेड आणि दोरा उकळला, नाळ दोन ठिकाणी बांधून मध्ये कापली आणि कोरडे, स्वच्छ फडके गुंडाळले.

"पदराला एक डाग न्हाई बघा," मागून कमलबाई म्हणाली. "बाळंतपणाला आलीय का हळदीकुंकवाला?"

बायका हसल्या. निलम्मा हसली नाही.

"अण्णा, तुझी फीत तुटलीय."

"न्हाई अक्का."

"तुटलीय. विभूती लावायचं राहिलं की."

कापलेल्या नाळेवर विभूती दाबायची, ही तिच्या सासूपासूनची रीत. शेणीच्या राखेची, देवाजवळची विभूती. नाळ कापून तशीच सोडतात, हे तिच्या डोक्यात बसेना.

अंकुशरावने तेवढा भाग पुन्हा दाखवला.

"हळू फिरव. पळायलास कामून?"

"थांबलो तर दिव्यानं फीत जळंल, अक्का." तरी त्याने जमेल तितका दांडा सावकाश फिरवला. पाच वेळा.

"आता ती नर्सबाईबी दमली आसंल," कमलबाई म्हणाली.

शेवटी अंकुशरावने फीत यंत्रातून काढली, दार उघडले आणि ती उन्हासमोर धरली. "हे घ्या. कडेला धरा. एकेक चित्र तुमीच बघा."

निलम्माने पाहिले. ब्लेड. नाळ. फडके. ती तीनदा मागे गेली. मध्ये कुठे जोड नव्हता. राखही नव्हती.

"शेणामातीतली घाण नाळेतून अंगात गेली की एखाद्या बाळाला धनुर्वात होतो, तोंड मिटतं, आसं डॉक्टर सांगतात," अंकुशराव म्हणाला.

"म्हंजी ती दोन लेकरं माझ्याच हातानं..."

"तुमाला कुणी दावलं नव्हतं, अक्का."

तिने फीत त्याच्या हातात परत दिली आणि घरी गेली.

बारा दिवसांनी चंद्रम्माला मुलगी झाली. निलम्माने ब्लेड आणि दोरा उकळला, दोन गाठी मारल्या, मध्ये कापले. निलम्माचा नवरा रेवणसिद्धप्पा दाराशी विभूतीचा गोळा घेऊन उभा होता.

"नाळेला काई लावायचं न्हाई," ती आतून म्हणाली.

"देवाचं नको म्हणायलीस?"

"नको कुठं म्हणले? कपाळाला लावू की."

आणि त्याच्या हातच्या विभूतीची तीन बोटे तिने बाळाच्या कपाळावर ओढली.

आठव्या दिवशी निलम्मा सकाळपासून लेकीच्या उशाशी बसून होती. बाळ दूध ओढत होते. नवव्या दिवशीही ओढत होते. दहाव्या दिवशी ते इतके रडले की रेवणसिद्धप्पा अंगणात जाऊन बसला, आणि निलम्मा त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसली.

पुढच्या वर्षी पेटी जवळच्या चिटगुप्प्याला आली. निलम्मा नातीला कडेवर घेऊन चालत गेली आणि अंकुशरावपुढे गव्हाच्या गोड हुग्गीचा डबा ठेवला.

"हे कामून, अक्का?"

"ह्या पोरीनं पाठवलंय. खा."

खेळ सुरू झाला. नर्सबाईने नाळ कापली, फडके गुंडाळले. अंधारात एक म्हातारी कन्नडमध्ये म्हणाली, काहीतरी राहिले, फीत तुटली वाटते.

निलम्मा नातीला घेऊन पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"तुटली न्हाई," ती आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत म्हणाली. "अण्णा, पुन्ना लाव. आन् हळू फिरव."