गोड झालेली विहीर

बेटावरच्या एकुलत्या एका विहिरीभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. तिचं जे पाणी तोंडात धरवत नव्हतं, ते बाबांनी मंत्र टाकून गोड केलं होतं! म्हातारे ओंजळी भरून पीत होते, बायका डोळे पुसत होत्या.

"आम्ही समुद्राला दम भरला," बाबा दाढी कुरवाळत म्हणाले. "म्हटलं, हो मागे! झाला बिचारा. आता पथ्य एकच. त्या नर्सबाईचा हात दोराला लागता कामा नये. तिच्या पायगुणानंच पाणी नासलं."

नर्सबाई गर्दीतच उभी होती. ती सून म्हणून आली आणि त्याच सुमारास विहिरीवर बेटाचा पहिला पंप बसला. पाठोपाठ पाणी खारट झालं. पंप सरपंचांनी हार घालून सुरू केलेला, त्याला कोण नावं ठेवणार? सून आयतीच सापडली. सासूनं अबोला धरला होता आणि नवरा बेट सोडायच्या गोष्टी करत होता. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. 'पंप थांबवा' म्हणून ती कानीकपाळी ओरडली, तेव्हा कोणी ऐकलं नाही. बाबांनी मात्र 'विहीर ध्यानाला बसलीय, उपसा बंद' म्हणताच सगळं बेट कित्येक महिने होडीनं पाणी आणून निमूट पीत बसलं.

ती पुढे झाली. हातात दवाखान्यातली रिकामी बाटली, तिला बांधलेला दगड आणि बुचाला वेगळी दोरी.

"बाबा, समुद्र मागे गेला ना? मग तळाचं पाणीही गोडच असणार. बाटली तळाला सोडा आणि मग बूच ओढा. तुम्हीच ओढा हं, माझा हात नको लागायला."

सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? बाबांनी बाटली सोडली, भरून वर काढली. सरपंचांनी घोट घेतला आणि लांब थुंकले.

"अहो, हे तर मीठच!"

"आता हात कोणाचा लागला होता?" सासूनं खणखणीत आवाजात विचारलं.

"समुद्र जरा... हट्टी आहे," बाबा पुटपुटले. एकच हशा पिकला.

नर्सबाईनं ते खारं पाणी पेल्यात ओतून त्यात शाई टाकली. वरून चमच्याच्या आधारानं गोडं पाणी अलगद सोडलं. खाली निळं, वर नितळ.

"गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. आपल्या बेटाखाली असंच आहे. पंपानं भसाभस उपसलं की खालचं खारं वर चढतं. उपसा थांबला की पुन्हा खाली बसतं. मंत्र म्हणा नाहीतर पाढे म्हणा."

"मग बाबांनी केलं काय?" सरपंचांनी विचारलं.

"वाट पाहिली."

बाबा मिळेल त्या होडीनं पसार झाले. सासूनं दोर सुनेच्या हातात दिला. "चुकलं गं माझं. मला माफ कर."

आता मात्र नर्सबाईला रडू आवरेना. "माफी नको, आई. पुढच्या वेळी कोणी कोणाला पांढऱ्या पायाची म्हणालं, तर त्याला फक्त एवढंच विचारा, कशावरून?"