पानाला पालथा हात

“या गावचं ऊन हवेवरून जोखू नकोस गं. हवा गार असती, ऊन नसतं.”

महानंदाअक्का हे मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, तेव्हा माझ्या एका हातात साडेतीन महिन्यांची सिद्धी होती आणि दुसऱ्या हातात ऑर्किडची कुंडी. शुभंकरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी बाळ बघायला येताना ती आणली होती. जांभळी फुलं, फुलपाखरांसारखी. गळ्यात चिठ्ठी लटकवलेली, ‘भरपूर उजेडात ठेवा’.

“अक्का, मी नागपूरची आहे,” मी हसून म्हटलं. “आमच्याकडे मे महिन्यात शेहेचाळीस असतं. तुमचं हे ऊन म्हणजे चांदणंच की.”

“सरी बाई,” म्हणजे बरं बाई, असं म्हणून त्या चौथ्या मजल्यावर उतरून गेल्या.

आम्ही पाचव्यावर राहतो, बंगळुरात हेब्बाळला, तळ्याच्या बाजूला. अक्का मूळच्या निपाणीकडच्या. बोम्मसंद्र्याच्या पुढे एका नर्सरीत त्यांनी बावीस वर्षं ऑर्किड सांभाळली आणि आता मुलाकडे, मंजुनाथकडे असतात. लिफ्टमध्ये मी सिद्धीशी मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं, तेव्हापासून आमची ओळख. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं असतं, की पहिले काही दिवस मी अर्धं नुसतं मान हलवून ऐकायचे.

मी घाबरट आहे हे कबूल करते. सिद्धी झाल्यापासून जास्तच. ती शिंकली की मी ताप मोजायचे, झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघायचे. सगळ्यात मोठी भीती डासांची. तळं इतकं जवळ, त्यात शेजारच्या विंगेत दोघांना डेंग्यू झालेला. म्हणून बाल्कनीच्या काचा मी कायम बंद ठेवायचे आणि बाबागाडीवर मलमलचं कापड टाकायचे, चारही बाजूंनी चिमटे लावून. उन्हाची भीती मात्र मला कधीच वाटली नाही. नागपूरची ना मी!

ऑर्किड त्याच बाल्कनीत, पूर्वेच्या काचेला चिकटून ठेवलं. जानेवारी-फेब्रुवारी काही झालं नाही. मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी, वरच्या पानावर मला पांढुरका डाग दिसला. ताकाचा थेंब वाळल्यासारखा. मी फोटो काढून अक्कांना पाठवला : “बुरशी आहे का? बाळाला बाधणार नाही ना?” उत्तर आलं नाही. शुभंकर सकाळीच ऑफिसला गेला होता.

सिद्धी नऊ वाजता बाबागाडीत झोपली. ती गाडीतच झोपते आणि गाडी हलवली की उठते, त्यामुळे बाल्कनीत जिथे झोपली तिथेच मी तिला राहू दिलं, ऑर्किडच्या शेजारी. कापड टाकलं, चिमटे लावले. दार उघडं ठेवून आत हॉलमध्ये, समोरच्या खुर्चीवर बसले, तिच्यावर लक्ष ठेवून. हो, लक्ष ठेवून! दीड तास झाला. इतकी सलग ती कधीच झोपली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी आईला मेसेज केला : आज शहाण्यासारखी झोपली आहे.

साडेदहाला बेल वाजली. दारात अक्का, पदराला हात पुसत.

“फोटो बघितला. बुरशी कुठली? भाजलंय ते. कुठं ठेवलायस, दाखव.”

“हळू, अक्का, बाळ झोपलंय.”

त्या बाल्कनीत गेल्या. पालथा हात पानाला लावला, आणि तव्याला लागल्यासारखा मागं घेतला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या झाडाकडून गाडीकडे वळल्या. दुसऱ्या क्षणी त्यांनी गाडीवरचं कापड ओढलं. एक चिमटा उडून काचेवर आपटला.

सिद्धी लालबुंद झाली होती. केस डोक्याला चिकटलेले, श्वास भराभर. इतका आवाज होऊनही ती जागी झाली नाही. मी उचललं तर मान माझ्या दंडावर सैल पडली.

“आत घे. आतल्या खोलीत. कपडे काढ तिचे. सगळे! फॅन लाव, स्वल्प लांबनं.” अक्कांनी माझ्याच ओढणीचं टोक नळाखाली भिजवलं आणि सिद्धीच्या काखा, मान, पाय पुसायला लागल्या. “बर्फ नको, गार पाणी नको, असलंच साधं. हाक मार तिला. तुझा आवाज ओळखती ती.”

मी हाका मारत होते, पण माझ्या तोंडून नाव नीट येत नव्हतं. अक्काच मोठ्यांदा ओरडल्या, “सिद्धव्वा! ए सिद्धव्वा, ऊठ की गं, आईचा जीव खातीस!” दोनेक मिनिटांनी तिनं डोळे उघडले आणि रडली. बारीक, कोरडं रडणं. मी तिला पाजायला घेतलं. तिनं तोंड लावलं, सोडलं, परत लावलं.

“आता डॉक्टर,” अक्का म्हणाल्या. त्यांनी फोन केला आणि मंजुनाथनं खाली रिक्षा थांबवून ठेवली. अक्का पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून आमच्याबरोबर आल्या.

क्लिनिकमध्ये डॉक्टरीणबाईंनी ताप मोजला, टाळू चाचपली आणि कन्नडमध्ये विचारलं, बाळ कुठं झोपलं होतं? मी उत्तर जुळवत होते. कसं सांगायचं, की मी काचेच्या पेटीत ठेवून, वरून झाकण लावून, समोर बसून बघत होते? माझ्याआधी अक्काच बोलल्या. सगळं मला कळलं नाही. पण एक वाक्य दोनदा आलं : “नावु मलगिसिद्वि.” आम्ही झोपवलं. नावु म्हणजे आम्ही, एवढं कन्नड मला येत होतं.

त्या तर साडेदहाला आल्या होत्या, सिद्धी झोपल्यावर दीड तासानं.

डॉक्टरीणबाई आम्हा दोघींना रागावल्या. अक्कांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, “सरी, सरी” म्हणत. दोन तास सिद्धीला तिथेच ठेवलं. पोटभर दूध प्यायली, लंगोट ओला झाला, तेव्हा घरी सोडलं. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर, एवढं बोलून डॉक्टरीणबाई थांबल्या. ते वाक्य मी अजून मनात पूर्ण केलेलं नाही.

रिक्षात मी म्हटलं, “अक्का, तुम्ही ‘आम्ही’ का म्हणालात?”

“मग काय म्हणू? तुला येकटीला उभं करू तिथं?” त्या सिद्धीच्या तळपायाशी खेळत होत्या. “आमच्या नर्सरीत शेडची जाळी ओढायची राहिली तर तीनशे रोपं जायची. मालक इचारायचा, कुणी? आम्ही सगळ्याजणी म्हणायचो, आम्ही. नायतर दुसऱ्या दिवशी ती बाई कामाला यायचीच नाही बघ.”

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही काचा उघडून जाळी लावायला सांगितली. कुंडी काचेपासून तीन हात आत सरकवली, मध्ये माझा जुना पांढरा दुपट्टा पडद्यासारखा बांधला. पानावर वीतभर उंच हात धरून सावली बघायला शिकवलं. सावलीच्या कडा धारदार दिसल्या तर ऊन जास्त, पुसट दिसल्या तर बरोबर, आणि सावली पडलीच नाही तर झाड उपाशी. पान काळपट हिरवं दिसलं की लोकांना वाटतं झाड मस्त आहे, पण त्याला उजेड कमी पडतोय. पोपटी हवं. भाजलेलं पान मी कापायला निघाले तर माझ्या हातातली कात्री त्यांनी काढून घेतली. “राहू दे. निम्मं हिरवं हाय की अजून.”

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू काय खाल्लंस आज?”

मी आठवायला लागले. सकाळचा चहा गॅसवर तसाच होता. त्यांनी खालून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली, आणि मी सिद्धी झाल्यापासून पहिल्यांदा दोन्ही हातांनी जेवले, कारण सिद्धी त्यांच्या मांडीवर होती. जेवताना मला रडू आलं. “तिखट झाली व्हय?” अक्का म्हणाल्या. मी हो म्हटलं.

सिद्धी आता नऊ महिन्यांची आहे. अक्कांना बघितलं की दोन्ही हात पुढे करते, आणि त्या मला चिडवतात, “बघ, नागपूरवाल्यांची पोरगी निपाणीला फितूर झाली.” मी त्यांचे आभार मानायला गेले की त्या विषय बदलतात, म्हणून इथे लिहून मानते आहे.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या इमारतीत कुणी नुकतीच बाळंत झालेली मुलगी असेल, नवरा कामावर, माहेर लांब, तर आज तिची बेल वाजवा. ती म्हणेल, सगळं छान आहे. मीही त्या सकाळी आईला तेच कळवलं होतं. तरी आत जा, बाळ कुठे झोपलंय ते बघा, आणि तिला विचारा, सकाळपासून पोटात काही गेलंय का.